तक्ता नको, वाक्य घ्या

दहावीच्या गाईडात मागच्या पानांवर एक तक्ता हमखास असतो. क्रियापद, नाम, विशेषण, क्रियाविशेषण असे चार रकाने. डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, डिसायसिव्हली. मुलं तो परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात आणि पेपर झाला की विसरतात. विसरतात ते बरंच करतात. नोकरीच्या अर्जात चुका होतात त्या तक्ता न आल्यामुळे कमी, तक्त्यावर विसंबल्यामुळे जास्त.

कुठल्या क्रियापदाला कुठला प्रत्यय लागेल, याचा एकच एक नियम इंग्रजीत नाही. अराइव्हचं अरायव्हल, रिफ्यूजचं रिफ्यूजल होतं. पण अ‍ॅग्रीचं अ‍ॅग्रीमेंट आणि अ‍ॅक्सेप्टचं अ‍ॅक्सेप्टन्स. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे फ्रेंच-लॅटिन शब्द आपापले प्रत्यय घेऊन इंग्रजीत शिरले. सिंग-साँग, थिंक-थॉट या जुन्या घरच्या जोड्या मात्र आतून बदलूनच चालत राहिल्या. आपल्याकडे तरी कुठे नियम आहे? लढण्याची लढाई होते, चढण्याची चढाई होते, रडण्याची रडाई कुणी म्हणत नाही. हे आपल्याला कानाने कळतं. इंग्रजीचा कान वाचून आणि ऐकूनच तयार होतो.

तक्त्यात न दिसणारी गोष्ट म्हणजे शब्दासोबत चालणारं प्रिपोझिशन. ‘वुई डिसकस्ड अबाउट द प्रॉब्लेम’ हे वाक्य आपल्या ऑफिसांत रोज ऐकू येतं. ते चूक आहे. अबाउट लागतं ते डिसकशन या नामाला. डिसकस हे क्रियापद थेट विषयालाच हात घालतं. रिक्वेस्टचं तसंच. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ बरोबर, पण ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ चूक. ‘लॅक ऑफ कॉन्फिडन्स’ बरोबर, मात्र ‘ही लॅक्स ऑफ कॉन्फिडन्स’ म्हणायचं नाही. ‘ही लॅक्स कॉन्फिडन्स’ म्हणायचं. नामाचं शेपूट आपण क्रियापदाला जोडतो, एवढंच. ही एक गोष्ट लक्षात आली तर निम्मं इंग्रजी सुधारेल, असं मी बेधडक सांगेन.

कधी एकाच क्रियापदातून दोन वेगळी कुटुंबं निघतात. सक्सीड म्हणजे यशस्वी होणं, आणि एखाद्याच्या पाठोपाठ त्याच्या जागी येणंही. पहिल्यापासून सक्सेस, सक्सेसफुल, सक्सेसफुली. दुसऱ्यापासून सक्सेशन, सक्सेसिव्ह. ‘सक्सेसिव्ह बिझनेसमन’ लिहिणाऱ्याला यशस्वी म्हणायचं असतं, पण वाचणाऱ्याला एकामागून एक आलेले धंदेवाले दिसतात. आणि एलवाय जोडला की क्रियाविशेषण झालं, हाही भ्रमच. फ्रेंडली हे विशेषण आहे. मुलाखतीत ‘आय वर्क हार्डली’ म्हणालात, तर आपण जेमतेमच काम करतो अशी स्वतःच कबुली दिल्यासारखं होतं. मेहनत सांगायची तर नुसतं हार्ड म्हणा.

मग करायचं काय? रोज एकच क्रियापद घ्या. उदाहरणवाक्यं देणारा शब्दकोश उघडा. ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश यासाठी उत्तम. त्या क्रियापदाचं नाम, विशेषण शोधा आणि प्रत्येकाचं एकेक वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं लिहा: बसची वाट, भाडं, आईचं दुखणं, काहीही. पालकांनीही मुलांचे रकाने तपासायचे सोडून वाक्यं मोठ्याने वाचून घ्यावीत. प्रोनाउन्सचं नाम प्रोनन्सिएशन होतं, प्रोनाउन्सिएशन नाही, हे तसं वाचल्याशिवाय लक्षात येत नाही.

सुरुवात आजच करा. आपला एखादा जुना इंग्रजी अर्ज किंवा ईमेल काढा. त्यात डिसकस, रिक्वेस्ट, लॅक यांच्यापुढे अबाउट, फॉर, ऑफ लागलंय का ते बघा. शब्द नाम म्हणून आला असेल तर राहू द्या. क्रियापद म्हणून आला असेल तर ते प्रिपोझिशन खोडा.