कंपनीचा ग्रुप म्हणजे गावची चावडी नव्हे

पूर्वी बियाणे कंपनीची जीप भोंगा वाजवीत गावात यायची. भिंती रंगायच्या, एखाद्याच्या रानात पीक पाहणी व्हायची. आता हे काम मोबाईलवर आले आहे. बियाणे, औषधे, ठिबक, ट्रॅक्टर, ज्याची त्याची कंपनी आपापला ‘शेतकरी परिवार’ व्हॉट्सअॅपवर जमवते आहे. एका ग्रुपात १,०२४ माणसे बसतात, म्हणजे अख्खे गावच की!

कल्पना तशी जुनीच. अमेरिकेतली जॉन डिअर ही अवजारांची कंपनी १८९५ पासून शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ नावाचे नियतकालिक काढते. गिऱ्हाईक घरचे झाले की बाहेर जात नाही, हा त्यामागचा हिशेब. पण छापील अंक फक्त सांगत होता, ग्रुप ऐकतोही. पेरा कधी, वाण कोणता, कीड कसली, हे सारे आपणच फुकटात लिहून देतो. गिऱ्हाइकांचे असे ग्रुप बांधून सांभाळणे हा आता स्वतंत्र धंदा झाला आहे. त्यासाठी पगारी माणसे असतात. ती उगाच कोण ठेवील?

ग्रुप वाईट असे नव्हे. फोटो टाकला की घडीभरात सल्ला मिळतो, हे खरेच. पण अडचण येते ती माल फसल्यावर. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपणहून दखल घेतली. अशा वेळी ग्रुपची चावी कोणाकडे असते? अॅडमिनकडे. तो दुसऱ्याचे बोलणे बंद करू शकतो, लिहिलेले पुसू शकतो, माणूसही काढू शकतो. चावडीवर बोललेले चार माणसांच्या कानी राहते, इथे पुसलेले पुन्हा वाचायला मिळत नाही.

म्हणून शेतकरी बंधूंनो, ग्रुपवर लिहिले म्हणजे तक्रार झाली, असे समजू नका. पक्की पावती, पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि मूठभर बियाणे जपून ठेवा. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या, पोच घ्या. तालुक्याची समिती रानात येऊन पंचनामा करते, आणि ग्राहक आयोगापुढे तोच कागद कामाला येतो. कंपनीने ‘बघतो, साहेबांना सांगतो’ म्हणून दिवस घालवले, की रान मोडून दुबार पेरणी होते. मग पंचनामा कशाचा करणार?

गावच्या कारभाऱ्यांनाही एक सांगणे आहे. गावाचा स्वतःचा ग्रुप करा. अॅडमिन गावचेच दोघे-तिघे असू द्या. कृषी खात्याचा माणूस त्यात घ्या, विक्रेत्याला मात्र पाहुणा म्हणूनच बोलवा. कोणत्या वाणाने कोणाच्या रानात काय दिले, हे तिथे मोकळेपणी लिहिले गेले पाहिजे. हे शहाणपण आपल्या घामाचे आहे. ते आयते दुसऱ्याच्या गल्ल्यात का टाकायचे?