विश्लेषण : नॅनो खताची सुरक्षितता एका प्रश्नात का कळत नाही?

धाराशिव जिल्ह्याचा खरीप म्हणजे मुख्यतः सोयाबीन. फवारणीच्या दिवसांत नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली घेणाऱ्या शेतकऱ्याने विचारले, की यातले कण मधमाशीला, गांडुळाला किंवा पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या फुप्फुसाला काय करतात, तर दुकानदाराकडे उत्तर नसते. तालुका कृषी कार्यालयालाही ते चटकन सापडणार नाही.

नियम नाहीत असे नव्हे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2020 मध्ये नॅनो कृषी उत्पादनांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. 2021 मध्ये इफ्कोच्या नॅनो युरियाचा खत नियंत्रण आदेशात समावेश झाला. अडचण माहितीच्या मांडणीत आहे. एक चाचणी पीडीएफमध्ये, दुसरी एक्सेलमध्ये, तिसरी शोधनिबंधाच्या तक्त्यात. त्यात नॅनो पदार्थाचे नुसते नाव पुरत नाही. झिंक ऑक्साइडच्या कणाचा आकार किंवा त्यावरचा लेप बदलला, की त्याचे वागणेही बदलू शकते.

‘सिमँटिक वेब’ काय करते?

प्रत्येक नोंद तीन तुकड्यांत लिहिली जाते : ‘हा कण – व्यास – 30 नॅनोमीटर’. प्रत्येक संकल्पनेला एकच कायमचा पत्ता मिळतो. मग कोणी ‘जस्त’ लिहो वा ‘झिंक’, संगणकाला ते एकच. ‘स्पार्कल’ या प्रश्नभाषेत विचारता येते : 50 नॅनोमीटरखालील कणांच्या गांडुळांवरील चाचण्या दाखवा, मात्रेसह. युरोपीय संघाच्या निधीतून 2014 ते 2017 दरम्यान चाललेल्या ‘ई-नॅनोमॅपर’ प्रकल्पाने अशीच संज्ञावली आणि माहितीसाठा उभारला.

उत्तरे आलेखावर मांडली, की ठिपक्यांइतक्याच रिकाम्या जागाही बोलू लागतात. या आकाराच्या कणाची मधमाशीवर चाचणीच नाही, हे शंभर पानी अहवालात दडून राहते. आलेखावर दडत नाही. अर्थात चाचणीच कच्ची असेल, तर ती कितीही नीट जोडून उपयोग नाही. मात्रा आणि पद्धत नोंदीसोबत असलीच पाहिजे.

मग अडते कुठे?

तंत्र जुने आणि मोफत आहे. माहिती खुली करण्याची सक्ती तेवढी हवी. उत्पादन मंजूर करतानाच सुरक्षा चाचण्यांचे आकडे यंत्राला वाचता येतील अशा रूपात जाहीर करण्याची अट केंद्राने घालावी. परभणीचे कृषी विद्यापीठ आणि तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र यांनी मराठवाड्याच्या काळ्या मातीतील निरीक्षणे त्यात जोडावीत, मराठी नावांसह. बाटली तालुक्याच्या दुकानात पोहोचली आहे. तिच्या चाचण्यांचे आकडेही तिथपर्यंत यायला हवेत.