पुन्हा अंगठाबहाद्दर



आमचा आजा सावकाराच्या कागदावर अंगठा उठवायचा. वाचता येत नव्हतं म्हणून. आम्ही मॅट्रिक झालो, सही शिकलो, आणि तोच अंगठा रात्री दोन वाजता काचेवर घासतोय. वाचता येतं तरी!

परवा गोदीतून दुसरी पाळी करून आलो. म्हटलं, पाच मिनिटं रील बघू, मग कवितेचं अर्धं राहिलेलं कडवं पुरं करू. साला, नळाला पाणी आलं तेव्हा मान वर केली. काय बघितलं? एकही आठवत नाही.

शहाणे सांगतात, संयम पाळा. हेच लोक आमच्या बापाला दारू सोड म्हणायचे आणि वस्तीच्या तोंडावरचा गुत्ता चालू ठेवायचे. आधी यंत्र बघा. पेपर संपायचा, सिनेमा सुटायचा. २००६ साली अझा रास्किन नावाच्या माणसानं असं पान रचलं की खाली जावं तितकं नवीन येतच राहतं. तळच नाही. पुढं त्यानंच जाहीर पस्तावा केला. दहा रील भिकार, एखादी झकास; ती कधी येणार ठाऊक नाही, म्हणून हात थांबत नाही. मटक्याच्या आकड्यासारखंच. नेटफ्लिक्सचा रीड हेस्टिंग्ज तर २०१७ साली उघड बोलला, आमची स्पर्धा झोपेशी आहे. झोप काय असते ते आम्हाला विचारा. क्रेनखाली डुलकी लागली तर माणूस घरी जात नाही.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगाराला रविवार मिळवून दिला. भांडून मिळवलेला तो रविवार आपण फुकट देतोय. फुकट कसला, वर रिचार्ज भरून देतोय!

खोटं कशाला बोलू, कुणी विचारत नव्हतं तेव्हा ह्याच पडद्यावर वस्तीतल्या पोरापोरींना तोंड दाखवता आलं. २०२० साली टिकटॉक बंद झालं तेव्हा कितीजण सैरभैर झाले. पण १४ एप्रिलची मिरवणूक बघून छाती फुगते न फुगते तोच गोरं करणारी क्रीम येते. आपला जयभीमही दोन जाहिरातींच्या मधला माल.

मी ॲप काढून टाकलं, तिसऱ्या दिवशी परत घेतलं. पडदा काळापांढरा केला, त्यानं थोडा फरक पडला; रंग गेला की निम्मी जादू जाते. पण पाळी करून आलेल्या माणसाच्या अंगात निश्चय उरत नाही. म्हणून विहारात रविवारी आठ ते दहा बिस्किटाचा पत्र्याचा डबा ठेवलाय. सगळ्यांचे फोन त्यात. आईचा फोन आला तर, म्हणून एक बटणाचा फोन बाहेर, नंबर सगळ्यांच्या घरी दिलाय. मग वाचन. पहिल्या रविवारी पाचजण आले, बोटं नुसती वळवळत होती. दुसऱ्या रविवारी नऊ.

आणि त्या दुसऱ्या रविवारी डबा उघडला तो मीच, संपादकानं. पोरांनी रंगेहाथ धरलं, लय हसले. आता डबा माझ्याकडं नाही. रात्रशाळेत जाणाऱ्या एका पोरीकडं आहे, आणि ती कुणाचं ऐकत नाही.