विश्लेषण : कीड लगेच मरत नाही, तरी औषध काम कसे करते?

औषध टाकल्यावर दुसऱ्या दिवशीही कीड वळवळताना दिसली, की ते ‘बोगस’ ठरते. मात्र, काही औषधे थेट विषासारखी मारत नाहीत, तर कीटकाची वाढच बिघडवतात. म्हणूनच कोणते औषध कुठे वापरायचे, हे कळायला हवे.

नेमके काय घडते?

वाढीचे वेळापत्रक मुख्यतः दोन हार्मोन ठरवतात. एक्डायसोनमुळे अळी कात टाकते. त्या वेळी ज्युव्हेनाइल हार्मोन भरपूर असेल, तर अळीची पुन्हा अळीच होते. ते ओसरले तरच कोष आणि पुढे प्रौढ कीटक तयार होतो.

शोध कसा लागला?

१९६०च्या दशकात प्रागचे कॅरेल स्लामा हार्वर्डमध्ये कॅरोल विल्यम्स यांच्याकडे आले. त्यांनी सोबत आणलेले कीटक तिथे प्रौढच होईनात. कारण निघाले भांड्यातला कागद! तो ज्या बाल्सम फर झाडापासून बनला होता, त्यात या हार्मोनसारखे द्रव्य होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कागदानेही तेच घडले, लंडनच्या ‘टाइम्स’ने नाही.

डास आणि अळी यांत फरक काय?

पुढे मेथोप्रीन, पायरीप्रॉक्सिफेन ही कृत्रिम रूपे आली. डासाची अळी चावत नाही, डास चावतो. त्यामुळे पाण्यातच वाढ अडली, की काम झाले. पिण्याच्या पाण्याच्या साठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने पायरीप्रॉक्सिफेनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठरवली आहे.

पिकात गणित उलटे असते. पाने खाते ती अळीच. तिचे बालपण लांबवणे म्हणजे तिला आणखी जेवू घालणे. तिथे एक्डायसोनची नक्कल करणारे मेथॉक्सिफेनोझाइड उपयोगी पडते. अळी अवेळी कात टाकू लागते, खाणे थांबवते आणि काही दिवसांत मरते.

धोका कुणाला?

रेशीमकिडाही कीटकच. इटलीत फळबागांवर फवारलेल्या फेनॉक्सिकार्बमुळे रेशीमकिडे कोषच विणेनात. जालना, बीडमध्ये तुतीची लागवड होते. तिथे शेजारच्या शेतातली फवारणीही वाऱ्याने पानांवर येऊ शकते.

‘माणसाला कमी घातक’ एवढ्या माहितीवर अशी औषधे विकणे पुरेसे नाही. परिणाम किती दिवसांनी दिसेल, किडीच्या कोणत्या अवस्थेत फवारायचे आणि तुतीपासून किती अंतर ठेवायचे, या तीन गोष्टी दुकानातच सांगायला हव्यात. नाहीतर शेतकरी उतावीळपणे दुसरी फवारणी करेल आणि खर्च दुप्पट होईल.