सुपरमॅनचा हिरवा दगड

सुपरमॅनच्या चित्रकथा वाचणाऱ्या मुलांना क्रिप्टोनाइट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. हिरवा, चमकणारा दगड. तो जवळ आणला की डोंगर उचलणारा सुपरमॅन गलितगात्र होतो. परवा मात्र अकरावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, क्रिप्टॉन तर वायू आहे ना? मग दगड कसा?" मी भाषा शिकवणारा माणूस, पण हा प्रश्न मला भारी आवडला. कारण त्याची निम्मी गंमत नावातच आहे.

ग्रीक भाषेत 'क्रिप्टोस' म्हणजे लपलेला. आपण मराठीत आणि कन्नडमध्येही 'गुप्त' म्हणतो तसा. लंडनमध्ये १८९८ साली विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवा उकळू दिली आणि तळाशी उरलेल्या अंशात हा वायू ओळखला. हवेच्या दहा लाख भागांत तो जेमतेम एक भाग, म्हणून हे नाव. आता आपल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो: टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी जागा सुचवायला ज्यांना बोलावले ते हेच रॅम्से, आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली. त्या संस्थेचे पहिले संचालक म्हणून १९०६ साली आले ते हेच ट्रॅव्हर्स. आपली मुले ज्या संस्थेत प्रवेश मिळावा म्हणून रात्रीचा दिवस करतात, तिचा क्रिप्टॉनशी असा संबंध आहे!

हा वायू मोठा अलिप्त. सहसा कोणाशी संयोग करत नाही. उणे १५७ अंशांच्या खाली नेला तर घट्ट होतो खरा, पण तो रंगहीन, खिशात ठेवायच्या कामाचा नाही. म्हणजे त्या मुलीची शंका रास्तच. फक्त कथेतला दगड या वायूचा नाहीच. तो फुटलेल्या 'क्रिप्टॉन' ग्रहाचा तुकडा. शेवटचे 'आइट' हे दगडांच्या नावांचे शेपूट: हेमॅटाइट, ग्रॅफाइट, आणि बेळगावकरांच्या चांगल्या परिचयाचे बॉक्साइट.

क्रिप्टोनाइट आधी आला रेडिओवर, १९४३ साली, सुपरमॅनच्या नभोनाट्यात. तिथे रंगाचा प्रश्नच नव्हता. चित्रकथेत १९४९ साली उतरला तेव्हा तो चक्क लाल होता. हिरवा झाला १९५१ मध्ये. पुढे सोनेरी, निळा, पांढरा असे भाऊबंद निघाले आणि प्रत्येकाचा गुण वेगळा. मला विचाराल तर तिथे लेखकांनी जरा अतीच केले.

पण एक नियम त्यांनी बराचसा पाळला. शिशाच्या डबीत ठेवला की दगड निरुपद्रवी. म्हणजे त्यातून किरणे निघतात, आणि ती दाट, जड धातूत अडतात. खऱ्या गॅमा किरणांनाही शिसेच अडवते. इस्पितळात एक्स-रे काढणाऱ्याच्या अंगावर शिशाचा ॲप्रन असतो तो याचसाठी. सुपरमॅनची आरपार पाहणारी नजरही शिशापाशीच थांबते. हिरव्या उजेडाचे मात्र तसे नाही. किरणोत्सारी पदार्थ हिरवा चमकतो ही समजूत घड्याळांच्या जुन्या तबकड्यांनी पसरवली. तिथे रेडियम असे, पण हिरवा उजेड पडे तो त्यात मिसळलेल्या झिंक सल्फाइडचा. (आपल्याकडे गाडीच्या नंबरप्लेटवर 'रेडियम' लावून घेतात त्यात तर रेडियमचा कणही नसतो.)

आणखी एक योगायोग. २००६ च्या 'सुपरमॅन रिटर्न्स' चित्रपटात संग्रहालयातल्या क्रिप्टोनाइटच्या पेटीवर त्याचे घटक लिहिले होते: सोडियम, लिथियम, बोरॉन, सिलिकेट, हायड्रॉक्साइड, आणि सोबत फ्लोरिन. पुढच्याच वर्षी लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील ख्रिस स्टॅन्ली सर्बियात सापडलेल्या एका नव्या खनिजाचे पृथक्करण करत होते. हे सूत्र पूर्वी कुणी नोंदवले आहे का, म्हणून शोधू गेले, तर मिळाला हा चित्रपट! फरक फक्त फ्लोरिनचा. खनिज मात्र पांढरे, पिठासारखे, किरणोत्सार अजिबात नाही. जंबुपार किरणांत तेवढे गुलाबी-नारिंगी दिसते. जदार खोऱ्यातले म्हणून नाव 'जदाराइट'.

वृत्तपत्रांनी तेव्हा 'क्रिप्टोनाइट सापडला' म्हणून मथळे दिले आणि विषय विसरला गेला. जदारचे शेतकरी विसरू शकले नाहीत. या खनिजात लिथियम आहे, विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना लागते ते. खाण झाली तर जमीन जाईल, पाणी बिघडेल, या भीतीने लोक रस्त्यावर उतरले. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या सरकारने खाणीचे परवाने रद्द केले. २०२४ च्या जुलैमध्ये प्रकल्पाला पुन्हा वाट मोकळी करून दिली, आणि ऑगस्टमध्ये राजधानी बेलग्रेडचे रस्ते पुन्हा माणसांनी भरले.