कॉम्प्रेसर आणि वादकाचा हात

हल्ली आमच्या मराठी शाळांतूनही गिटार वाजवणारी मुले-मुली पुष्कळ दिसू लागली आहेत. ज्या घरांत भजनाची पेटी आणि चतुर्थीचे घुमट पिढ्यान्‌पिढ्या नांदले, त्याच घरांत आता गिटारीच्या तारा छेडल्या जातात. याचे आम्हांस कौतुकच वाटते. मात्र वाद्य घरी येऊन वर्ष होते न होते तोच दुसरी मागणी पुढे येते. पायाने दाबण्याच्या त्या लहान लहान रंगीत पेट्या, ज्यांना पेडल म्हणतात, त्या हव्या असतात. त्यांतील कॉम्प्रेसर नावाच्या पेटीविषयी पालक आम्हांस वारंवार विचारतात, कारण तिचे कार्य कानाला चटकन जाणवत नाही आणि पैसे मात्र जाणवण्याइतके लागतात. (हा शीतकपाटातील कॉम्प्रेसर नव्हे, एवढे आधीच सांगून ठेवतो.)

ही पेटी करते तरी काय? घरी रेडिओवर नभोनाट्य चालू आहे आणि आजोबा बटणावर हात ठेवून बसले आहेत, अशी कल्पना करा. पात्र ओरडले की आजोबा आवाज कमी करतात. कुजबुजू लागले की वाढवतात. कॉम्प्रेसर हेच काम विजेच्या वेगाने करतो. एक ठरावीक मर्यादा असते, तिला थ्रेशोल्ड म्हणतात. नाद त्या मर्यादेच्या आत असेतो पेटी त्याला हात लावीत नाही. मर्यादा ओलांडली की किती दाबायचे ते रेशो ठरवतो. रेशो चारास एक असेल, तर मर्यादेपलीकडे ८ डेसिबल गेलेला नाद केवळ २ डेसिबलच पलीकडे जातो. अशा रीतीने मोठे नाद खाली आले, की मग सगळ्यालाच थोडे वर उचलता येते. म्हणजे लहान नाद पूर्वीपेक्षा मोठे ऐकू येतात. आजोबांनी किती चपळाईने बटण फिरवावे ते अटॅक सांगतो आणि किती वेळाने हात सैल सोडावा ते रिलीज.

हे साधन मुळात वादकांसाठी जन्मले नाही. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील नभोवाणी केंद्रांना आपल्या प्रक्षेपकावर अचानक भार पडू नये म्हणून अशा यंत्रांची गरज भासली. पुढे ती ध्वनिमुद्रणाच्या कक्षांत आली. टेलेट्रॉनिक्सच्या एलए-२ए या यंत्रात तर एक लहानशी प्रकाशपट्टी आहे. नाद वाढला की ती उजळते, तिच्या समोरील प्रकाशसंवेदी घटकाचा विद्युत्‌रोध बदलतो आणि नाद आपोआप दबतो. १९६५ मध्ये बर्ड्‌स या अमेरिकन वाद्यवृंदाच्या रॉजर मॅग्विनने आपल्या बारा तारांच्या गिटारीचा नाद अशाच यंत्रांतून घेतला आणि तो घंटेसारखा लांबत जाणारा नाद जगभर ऐकला गेला. १९७० नंतरच्या दशकात हीच युक्ती एमएक्सआर कंपनीच्या डायना कॉम्प या लाल रंगाच्या पेटीत मावली. तिला दोनच बटणे. १९८६ मध्ये बॉस कंपनीची सीएस-३ आली, तिला चार.

काही जुन्या जाणत्यांचे म्हणणे असे, की ही सारी फसवणूक आहे. वाजवणाऱ्याने जसे वाजवले तसेच ऐकू यावे. हे मत आम्हांस पटत नाही. गिटारीची तार छेडल्याक्षणी सर्वांत मोठी वाजते आणि लगेच विरू लागते. तो तिचा स्वभाव आहे. पेटीवाला भाता हलवत राहतो, सारंगिया गज ओढत राहतो, म्हणून त्यांचा स्वर टिकतो. गिटारवाल्यापाशी भाताही नाही आणि गजही नाही. विरत जाणाऱ्या नादाला कॉम्प्रेसरने थोडे उचलून धरले, तर त्यात लबाडी कसली? शिवाय मुंबईच्या चित्रपटसंगीतात आमच्या गोव्याचे अनेक वादक नावारूपाला आले. त्या काळी मोजक्या ध्वनिग्राहकांसमोर मोठ्या आवाजाच्या वाद्याला मागे आणि नाजूक वाद्याला पुढे बसवून नादाचा तोल साधीत. यंत्र नव्हते, पण तोल साधण्याची गरज तीच होती.

बेस गिटारीच्या बाबतीत तर आम्ही कॉम्प्रेसरचे उघड पक्षपाती आहोत. बेसचे काम घराच्या पायासारखे असते. एक स्वर दणकन आला आणि पुढचा हरवला, तर वरचे सगळे गाणे डगमगते. आणि जाड तारेवर व बारीक तारेवर सारखाच जोर लावला तरी नाद सारखा येत नाही, हे प्रत्येक बेसवाल्याला ठाऊक आहे. तेथे सौम्य दाब, म्हणजे चारास एकपर्यंतचा रेशो, उपकारक ठरतो. मात्र अटॅक अगदी जलद ठेवू नये. बोटाचा पहिला आघात निसटून जाऊ द्यावा, नाहीतर बेस कापसात गुंडाळल्यासारखा वाजतो. रिलीजविषयी तर विशेष जपावे. बेसची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, म्हणजे एका कंपनाला सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो. रिलीज याहून चपळ झाला, तर पेटी स्वराचा लहानमोठेपणा सोडून त्या एकेका कंपनाशीच झोंबू लागते आणि स्वर फाटतो. विज्ञानाच्या पुस्तकातील वारंवारता कोठे उपयोगी पडते असे विचारणाऱ्या मुलांनी हे करून पाहावे.

परंतु नुकतेच गिटार शिकू लागलेल्या मुलाला सरावासाठी कॉम्प्रेसर घेऊन देणे, याला आमचा स्पष्ट विरोध आहे. आणि हा विरोध पैशापुरता नाही.

चतुर्थीच्या आरतीत घुमट, शामेळ आणि कासाळे यांचा मेळ कसा चढत जातो ते आमच्या वाचकांना सांगायला नको. आरंभी संथ, मग जरा भर, आणि शेवटी सारे घर दुमदुमते. घुमटवाला एका हाताने कातड्यावर वाजवतो आणि दुसऱ्या हाताने मागचे तोंड कमीअधिक झाकून नादाला आकार देतो. हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवले नाही. लहानपणी वाजवताना आपला हात जड पडला की तो त्याच्याच कानाला टोचला, हलका पडला की वडीलधाऱ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिले. कान हाताला शिकवतो तो असा. आता हाच मुलगा कॉम्प्रेसर लावून सहा महिने गिटार वाजवील, तर काय होईल? त्याने जोरात छेडले काय किंवा हळू छेडले काय, कानावर जवळजवळ सारखेच येईल. चूक ऐकूच आली नाही, तर हात ती दुरुस्त कशाला करील? आपण सफाईदार वाजवतो असा त्याचा समज होईल, आणि एखाद्या दिवशी कोणाच्या अंगणात साधी लाकडी गिटार हाती आली की तो समज तेथल्या तेथे गळून पडेल. तोवर नादाचा लहानमोठेपणा, ज्यात गाण्याचे हसणे-रडणे असते, त्याच्या बोटांना परकाच राहिलेला असेल.

ज्याचा हात तयार झाला आहे त्याने गिटारीवरही कॉम्प्रेसर अवश्य वापरावा. स्वच्छ नादाच्या, एकेक तार छेडून वाजवण्याच्या गाण्यांत तो शोभतो. नाद फाटका करणारे डिस्टॉर्शन पेडल असेल, तर कॉम्प्रेसर सहसा त्याच्या आधी जोडतात. पण डिस्टॉर्शन स्वतःच नादाला पुष्कळ दाबते, तेव्हा तेथे दुसऱ्या दाबाची गरज क्वचितच पडते. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. ही पेटी लहान नाद उचलते, तेव्हा तारांचा नाद कोणता आणि विजेची घरघर कोणती हे तिला कळत नाही. मंडपातल्या दिव्यांच्या जोडण्यांमुळे गिटारीत जी घूं घूं येते, तीही दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत वर येते, आणि मागच्या रांगेतील मंडळी जनित्र बिघडले की काय म्हणून वळून पाहतात.

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी वाद्यवृंदाची तालीम सुरू होईल तेव्हा बेसवाल्याने आपली पेटी खुशाल आणावी. गिटारवाल्यांनी पहिले दोन महिने आपापल्या पेट्या घरीच ठेवाव्यात. दोन महिन्यांनंतर एकच ओळ एकदा अगदी हळू, एकदा मध्यम आणि एकदा भरून वाजवून दाखवावी. तिन्ही वेळा निरनिराळी ऐकू आली, की त्यांच्या पेडलांसाठी विजेची पट्टी आम्ही स्वतः लावून देऊ.