'तो आपल्यात बसत नाही' म्हणण्याआधी

तुमच्या कॉलेज फेस्टिव्हलची कमिटी डोळ्यांसमोर आणा. एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सगळ्यांचा असतो. पंधरा दिवसांत दुसरा ग्रुप निघतो, त्यात एक जण सोडून सगळे. मीटिंग साडेचारला असते, त्याला पाच वाजता कळतं. मग तो यायचाच बंद होतो आणि आपण म्हणतो, 'बघ, म्हटलं नव्हतं? त्याला इंटरेस्टच नव्हता!'

नोकरीत याच प्रकाराला जरा बरं नाव मिळतं: 'टीममध्ये फिट होत नाही.' प्रोबेशन संपत आलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. (मी स्वतः सध्या इंटर्न आहे, त्यामुळे विषय अजिबात पुस्तकी नाही.) पण फिट होत नाही म्हणजे नक्की काय? काम येत नाही? येतं, पण करत नाही? करतो, पण सगळ्यांशी भांडतो? की त्याला बसवलंच भलत्या जागी? प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. आपण मात्र सगळ्यांवर एकच औषध काढतो, ते म्हणजे टाळणं.

भलत्या जागेचं उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. रोहित शर्मा २००७ मध्ये भारताच्या वन-डे संघात आला आणि पुढची काही वर्षं बहुतेक मधल्या फळीत खेळला. टॅलेंट आहे पण चीज होत नाही, असं सगळेच म्हणत होते. २०११ च्या वर्ल्ड कपच्या संघात त्याला जागाही मिळाली नाही. जानेवारी २०१३ मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध त्याला सलामीला पाठवलं, त्याने ८३ केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंगळुरूत ऑस्ट्रेलियाविरुद्ध २०९! माणूस तोच, नंबर बदलला. प्रत्येक टीममध्ये रोहित लपलाय असं मी म्हणत नाहीये. पण एखाद्याला काढण्याआधी त्याचा नंबर तरी बदलून बघितलाय का आपण?

आणि 'फिट' या शब्दाकडे जरा संशयाने बघाच. अनेकदा त्याचा कामाशी संबंधच नसतो. मुलगा तालुक्याच्या गावातून आलाय, इंग्रजी बोलताना अडखळतो, शुक्रवारच्या पार्टीला येत नाही, कारण खिशात तेवढे पैसे नसतात. मुलगी शेवटच्या बससाठी सात वाजता निघते. की झालं, 'आपल्यातले वाटत नाहीत'. आडनाव ऐकून अंतर ठेवणारेही आहेत, ते फक्त तसं म्हणत नाहीत. याला टीम सांभाळणं म्हणत नाहीत, सरळ सरळ वाळीत टाकणं म्हणतात.

उलट जो खरंच त्रास देतो, त्याला आपण सांभाळून घेतो, कारण तो कामात हुशार असतो. ज्युनिअर्सचा पाणउतारा करतो, दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवतो. 'स्वभावच आहे त्याचा' म्हणून सोडून देता देता चांगली माणसं निघून जातात. त्याच्याशी कडकच बोलायला हवं.

सगळं करूनही नाहीच जमलं तर? तर वेगळं व्हावं, पण उघडपणे आणि मानाने. ऑनलाइन चपला-बूट विकणारी झॅपोस ही अमेरिकन कंपनी नव्या लोकांना ट्रेनिंग सुरू असतानाच सांगायची, मन लागत नसेल तर हे पैसे घ्या आणि खुशाल जा. ही रक्कम दोन हजार डॉलरपर्यंत गेली होती. पुढे अ‍ॅमेझॉननेही गोदामातल्या कर्मचाऱ्यांसाठी अशीच ऑफर आणली. आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांना एवढे पैसे परवडणार नाहीत, कबूल. पण महिन्याभराची मुदत, स्पष्ट कारण आणि एक बरं शिफारसपत्र देण्यात काय जातं?

कमिटीत ही सवय आत्ताच लावून घ्या. त्याला एकट्याला गाठा, चारचौघांत नको. 'तू बेजबाबदार आहेस' असं नको, 'गेल्या दोन मीटिंगला तू आला नाहीस आणि स्पॉन्सरचं पत्र अडकलं, काय झालं?' असं विचारा. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा, हे सगळ्यांत अवघड.

आणि उद्या तो न बसणारा माणूस तुम्हीच असलात तर? सहाव्या महिन्याच्या पत्राची वाट बघू नका. दुसऱ्याच महिन्यात साहेबांच्या केबिनमध्ये जा आणि विचारा, 'माझं नेमकं काय कमी पडतंय, आणि ते कधीपर्यंत सुधारायचं?'